जोडीचा फोटो

निवृत्तीला वर्षभर उरलं की आमच्या विद्यापीठात माणसाला पेन्शन विभागातून बोलावणं येतं. तोवर त्या विभागाकडं कुणी ढुंकूनही बघत नाही. माझंही तसंच. परीक्षा विभागात गुणपत्रिका तपासता तपासता माझे केस पांढरे झाले आणि पेन्शन विभाग एक जिना खाली असूनही मी तिथं जायची ती संक्रांतीच्या हळदीकुंकवापुरती. बोलावणं आलं त्या दिवशी डबा खाऊन, तोंड धुऊन मी निवांत खाली गेले. तिथला कारकून लातूरकडचा, माझ्याहून बराच लहान, कामाला चोख. त्यानं काय काय लागणार ते सांगायला सुरुवात केली. आधार, बँकेचं पासबुक, उंची, अंगावरच्या दोन खुणा.

"उंची कशाला रे?" मी विचारलं.

"तुमच्या नावानं दुसरंच कुणी पेन्शन उचलू नये म्हणून," तो म्हणाला. मी हसले. "आणि मॅडम, मिस्टरांसोबत जोडीचा फोटो. दोघांचे वेगवेगळे काढून चिकटवू नका बरं का, लोकं तसंच करतेत."

माझं हसू तिथंच गोठलं. तळहातांना घाम सुटला. माझी भीती नेहमी तळहातांपासून सुरू होते, हे मला जुनंच माहीत आहे. पण ऑफिसात, भरदुपारी, पंख्याखाली ती अशी येईल असं वाटलं नव्हतं. "बरं, आणते," असं काहीतरी म्हणून मी वर आले आणि खुर्चीला धरून बसले.

नवऱ्याला मी शेवटचं पाहिलं होतं तेव्हा माझी लेक नुकती भिंत धरून उभी राहायला लागली होती. आता ती तिशीच्या पुढं आहे.

लग्नानंतर आम्ही पिंपरीत, स्टेशनच्या अलीकडं एका चाळीत दोन खोल्यांत राहायचो. तो भोसरीकडच्या एका कारखान्यात लेथवर होता. मूळचा चाकणच्या पुढच्या एका गावचा. कामाला जाताना तो बाहेरून कुलूप लावायचा. "आत काय कमी हाय तुला?" म्हणायचा. संडास चाळीच्या टोकाला होता, तेव्हा आत काय कमी होतं ते सांगायची गरज नव्हती. मारायच्या आधी तो रेडिओचा आवाज वाढवायचा. त्यामुळं मार सुरू व्हायच्या आधीच मला तो लागायला सुरुवात व्हायची. आजही शेजारी कुणी टीव्हीचा आवाज एकदम मोठा केला की माझी पाठ आपोआप भिंतीला जाते.

लेकीला जन्मापासून फिट यायच्या. एकदा तो पहिल्या पाळीला गेलेला असताना तिला फिट आली ती थांबेचना. दाराला बाहेरून कुलूप. मी खिडकीतून ओरडले. चाळीतली माणसं जमली, पण नवराबायकोच्या मध्ये कोण पडणार म्हणून कुलपाला कुणी हात लावला नाही. एक म्हातारी तेवढी जाऊन माझ्या धाकट्या भावाला घेऊन आली. तो तेव्हा पिंपरीतच टेम्पो चालवायचा. त्यानं करवतीच्या पात्यानं कुलूप कापलं आणि आम्हा दोघींना टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं. तिथून मी त्या खोलीत परत गेले नाही. लेक वाचली, पण तिची समज लहान मुलाएवढीच राहिली. कुलूप तासभर आधी तुटलं असतं तर ती वेगळी असती का, हे डॉक्टरांना विचारायची हिंमत मला झाली नाही.

फारकत मात्र झाली नाही. म्हणजे कागदावर झाली नाही. आमच्याकडं तेव्हा बाई माहेरी आली की आली, त्याचा कागद कशाला करायचा अशी पद्धत. वडीलधारे म्हणाले, "नावाला नवरा असू दे. उद्या पोरीच्या लग्नाला बापाचं नाव लागेल." मलाही ते बरंच वाटलं, कारण कागद करायचा तर त्याच्यासमोर उभं राहायला लागलं असतं.

पुढं परीक्षा देऊन मी विद्यापीठात लागले. रुजू झाले त्या दिवशी एका बाईंनी माझ्यासमोर वारसाचा फॉर्म ठेवला आणि बोट दाखवून म्हणाल्या, "इथं मिस्टरांचं नाव." त्या बघत होत्या. मी लिहिलं. चहाच्या वेळी त्यांनीच विचारलं, "मिस्टर कुठं असतात?" माझ्या तोंडून निघून गेलं, "चाकणला, कंपनीत. शिफ्ट असते."

या एका शिफ्टनं मला तीस वर्षं वाचवलं. आमच्या भागात कुणाचाही नवरा कुठल्याही कार्यक्रमाला आला नाही तर शिफ्ट म्हटलं की काम भागतं. सहलीला आला नाही, नाइट होती. कुणाच्या मुंजीला आला नाही, डबल मारली होती. हळूहळू मला या कामात गोडीच लागली. मी त्याला ऑपरेटरचा सुपरवायझर केला आणि त्याचे पेढे वाटले. कंपनीत संप झाला तेव्हा बायकांनी माझी चौकशी केली आणि मी चार दिवस तोंड पाडून फिरले. ऑफिसातल्या निम्म्याअर्ध्या बायकांच्या नवऱ्यांपेक्षा माझा नवरा गुणी होता. पीत नव्हता, पगार हातात आणून द्यायचा. हे सगळं मी जिवंत ठेवायची ते मंगळसूत्र घालून, आणि वारसाच्या रकान्यातलं ते नाव तसंच ठेवून. नाव बदलायचं तर का बदलता, हे त्याच ऑफिसात सांगायला लागलं असतं.

खरा नवरा कुठं होता हे मी कुणाला विचारलं नाही. भावानं सांगवीत खोली बघून दिली, पुढं मी तिथंच छोटा फ्लॅट घेतला. रेशनकार्डावर, मतदार यादीत माझा पत्ता गेला तेव्हाही मी दोन दिवस धास्तावलेली होते. दाराला आतून दोन कड्या, मधे साखळी. मी कामावर असताना भावजय अधूनमधून येऊन लेकीला बघून जायची. लेकीला मी एकच गोष्ट घोटून घोटून शिकवली होती. बेल वाजली तरी दाराकडं जायचं नाही.

तर आता हा जोडीचा फोटो. आठवडाभर मी पेन्शन विभागाच्या जिन्याला बगल देऊन दुसऱ्या बाजूनं जात होते. मनात आलं, खोटं बोलून त्याला मारून टाकावं. इतक्या बढत्या दिल्या तसा एक मृत्यू द्यावा. पण बढतीला दाखला लागत नाही. शेवटी एका दुपारी, बाकीचे चहाला गेल्यावर, मी त्या कारकुनासमोर बसले आणि सगळं सांगितलं. परक्या माणसाला हे मी आयुष्यात पहिल्यांदा सांगत होते. आवाज माझाच आहे का अशी शंका येत होती. त्यानं पेन खाली ठेवलं आणि शेवटपर्यंत मधे बोलला नाही.

"फोटोचं काय एवढं नाही मॅडम," तो म्हणाला. "अर्ज करू, तुमचा एकटीचा लावू. तुमची पेन्शन तुमचीच हाय, ती कुणी अडवत नाही. पुढचं बघा पण. तुमच्यानंतर कुटुंब निवृत्तिवेतन कुणाला? पहिला हक्क नवऱ्याचा. लेकीचा नंबर त्यांच्यामागं."

"तो तीस वर्षं आमच्याबरोबर नाही."

"कागदावर हायेत ना. कोर्टाचा हुकूम नाही, म्हणजे नवरा हाय." मग तो हळू आवाजात म्हणाला, "आणि लेकीचं समजत नाही म्हणता, तर तिला पालक लागणार. तुमच्यामागं बापच उभा राहील की मॅडम. आईनंतर बापालाच धरतेत."

लेकीची सोय मी मनात केव्हाच लावून ठेवली होती. माझी भाची, भावाची थोरली मुलगी, पिंपळे सौदागरला राहते. लेकीचा तिच्यावर जीव आहे. माझ्यामागं ती लेकीला आपल्याकडं नेणार हे ठरलेलं होतं. माझी पेन्शन लेकीला लागली की औषधं, एखादी सांभाळणारी बाई, सगळं त्यात बसेल, भाचीच्या संसारावर भार पडणार नाही, असा माझा हिशेब. त्या हिशेबात तो कुठंच नव्हता. आणि आता कारकुनाची ही दोन वाक्यं ऐकताना मला दिसलं की मी गेल्यावर तो येईल, दार उघडेल, आणि माझी लेक त्याच्याबरोबर एका खोलीत असेल. त्याच्या हातात कुलूप दिसलं मला. मी टेबलाची कड घट्ट धरली. कारकून घाबरून पाणी आणायला गेला.

भाचीनं मला एका वकीलबाईंकडं नेलं. त्यांनी सगळं ऐकून घटस्फोटाचा दावा लावायला सांगितला आणि वही पुढं ओढून म्हणाल्या, "अर्जदाराचा पत्ता सांगा." "हा कागद त्याला मिळणार?" मी विचारलं. "समन्सबरोबर प्रत जाणारच," त्या म्हणाल्या. म्हणजे ज्याच्यापासून पत्ता लपवण्यात माझं आयुष्य गेलं, त्याच्या हातात तो मीच टाइप करून पाठवायचा. मी पर्स उचलली आणि विचार करून सांगते म्हणून बाहेर पडले. भाची चिडली. मी तिच्यावर त्याहून जास्त चिडले. भ्यायलेली असले की मी फार चिडते.

भित्र्या माणसाला सोपी वाट आधी दिसते. मी म्हटलं, भांडण नको, कोर्ट नको. गोडीगुलाबीनं त्याच्याबरोबर एक फोटो काढू, पेन्शनचा प्रस्ताव वेळेत जाऊ दे, पुढचं पुढं बघू. कदाचित तो म्हातारा झाला असेल, मऊ झाला असेल, समजुतीनं सह्याही करून देईल. भावाला म्हटलं, शोध त्याला. भाऊ म्हणाला, "ताई, कशाला झोपलेल्याला उठवतीस?" पण चार दिवसांत शोधून आला. कारखाना बंद पडल्यावर तो गावाला परतला होता. जमिनी विकून भावकीनं बंगले बांधले, यानं त्याचा वाटा केव्हाच संपवला होता, आणि आता चाकणच्या एका गोदामावर रात्रपाळीचा वॉचमन होता. म्हणजे ऑफिसात मी जे सांगत आले ते आपलं आपण खरं होऊन बसलं होतं. मला हसू आलं आणि त्या हसण्याचीही भीती वाटली.

त्यानं भावाकडं निरोप दिला. फोटो काढू की, त्यात काय. बाजारच्या दिवशी या.

मी भावाबरोबर भोसरीवरून बसनं गेले. चाकणच्या रस्त्यावर कंटेनर एकामागं एक उभे होते आणि बस इंच इंच सरकत होती. एरवी मी त्या रस्त्याला शिव्या घातल्या असत्या. त्या दिवशी वाटत होतं, असंच अडकून राहावं, संध्याकाळ व्हावी, आणि आज जमलं नाही म्हणून परत फिरावं. चौकाजवळच्या एका हॉटेलात तो आधीच येऊन बसला होता. मी त्याला ओळखलं नाही. भावानं कोपरानं ढोसलं तेव्हा बघितलं. वाळलेला, गाल आत गेलेले, दाढी नीट केलेली, वॉचमनचा निळा शर्ट इस्त्री केलेला. मला वाटलं होतं त्याला बघून पाय लटपटतील. तसं झालं नाही. उलट, अरे, हाच का तो, असं वाटलं.

"बस," तो म्हणाला. "च्या सांगतो."

त्यानं भावाला पान आणायला पाठवलं आणि माझा भाऊ, पन्नाशी उलटलेला माणूस, निमूट उठून गेला. तेव्हा मला कळलं की काही बदललेलं नाही.

"पोरगी कशी हाय?"

"बरी आहे."

"फिटी येत्यात का अजून?"

"कधीमधी."

"तुजी पेन्शन चांगली बसल म्हनं. इद्यापीठ म्हंजे सरकारीच." त्यानं बशीत चहा ओतला आणि फुंकत म्हणाला, "मी इच्यारलं एकाला. तुज्यामागं मला लागती. मंग पोरीला. पोरीचं तू टेन्शन घिऊ नको. मी हाय की. बाप हाय मी तिचा, मीच बघनार."

मी कशीबशी म्हणाले की भाची बघणार आहे.

"भाची कशाला? लोकाच्या घरात पोरगी ठिवायची?" तो हसला. दात पडले होते. "तुमच्या बिल्डिंगीखालची गिरन बंद पडली न्हाई का? आता दळान कुटनं आनती?"

गिरणी बंद होऊन सहा-सात वर्षं झाली होती. म्हणजे ती चालू असताना तो येऊन गेला होता, आणि बंद झाल्यावरही. मी दोन कड्या आणि साखळी लावून आत बसत होते आणि हा खाली रस्त्यावर उभा राहून गिरणी बघत होता. किती वेळा, ते मी विचारलं नाही. माझ्या हातातला कप वाजायला लागला म्हणून मी तो खाली ठेवला. तो वाजणाऱ्या कपाकडं बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला पाठ होतं. रेडिओच्या बटणाला हात घालताना ते यायचं.

तरी मी उठून त्याच्यामागं फोटोच्या दुकानात गेले. आज कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल, पण गेले. पाय आपले आपण त्याच्यामागं चालत होते, जसे चाळीत चालायचे. दुकानदारानं पांढरा पडदा सोडला आणि आम्हाला दोन स्टुलांवर बसवलं.

"पेन्शनचा ना काका? जरा जवळ सरका. काकू, मान इकडं. थोडं हसा की, कुठं भांडून आलात का?"

नवऱ्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. हाडं झालेला, हलका हात होता तो. आणि पुटपुटला, "बस नीट."

माझ्या डोळ्यांसमोर लेक आली. तिच्या खांद्यावर हा हात. तिला बस नीट म्हटलं की ती बसते. कुणीही म्हटलं तरी बसते. भीती इतकी दाटून आली की मला तिथं बसवेना, आणि मी उठले. याला कुणी धाडस म्हणू नये. आग लागलेल्या घरातून माणूस पळतो तेवढंच ते होतं.

"माझा एकटीचा काढा," मी म्हणाले.

"काकू, पेन्शनला जोडीचाच लागतो," दुकानदार समजावायला लागला.

"एकटीचा काढा म्हणते ना."

तो स्टुलावरून हलला नाही, नुसता हसत बसला. पडद्यासमोर मी उभीच राहिले आणि दुकानदारानं गोंधळून तसाच फोटो काढला. बाहेर आले तर भाऊ पानाची पुडी घेऊन उभा होता. बसमध्ये बसल्यावर भाचीला फोन केला आणि म्हटलं, वकीलबाईंना सांग, पत्ता घ्या. जो त्याला ठाऊकच आहे तो लपवून मी कुणाला वाचवत होते?

फोटो वाईट आला होता. डोळे विस्फारलेले, केस विस्कटलेले. कारकुनानं तो कागदाला लावला, सोबत माझा अर्ज, लेकीचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र, भाचीचं संमतिपत्र. वारसाचा जुना फॉर्मही त्यानं बदलून घेतला, ग्रॅच्युइटी लेकीच्या नावावर केली. "हे आपल्या हातातलं हाय, ते झालं," तो म्हणाला. "फॅमिली पेन्शनला तेवढा हुकूम आणा."

निरोप समारंभाचं संकट वेगळंच होतं. आमच्याकडं निवृत्त होणाऱ्याचा जोडीनं सत्कार करतात. बाईला साडी, मिस्टरांना शाल-श्रीफळ, दोन खुर्च्या शेजारी शेजारी. विभागातल्या बायकांनी शाल आणून ठेवली होती. मी त्यांना सांगून टाकलं. माझ्या शेजारच्या टेबलवरची मैत्रीण भडकली. तिनं माझ्याबरोबर संपाचे दिवस काढले होते, माझ्या नवऱ्यासाठी उपासही केला होता. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मेले, निदान सुपरवायझर तरी करायचा नव्हतास. माझा जन्मभर हेल्परच राहिला म्हणून मी त्याला टोचून खाल्लं." मग आम्ही दोघी इतक्या हसलो की साहेब बाहेर येऊन बघून गेले. समारंभाला मी लेकीला नेलं. ती दुसऱ्या खुर्चीवर बसली, भाषणं संपायच्या आत पेढे संपवले आणि शाल अंगावरून काढूच देईना.

माझी पेन्शन सुरू झाली. पहिल्या महिन्याचा बँकेचा मेसेज आला तेव्हा मी लेकीला दाखवला. तिनं मोबाइल उलटा धरून वाचला आणि मान डोलावली. पण कागदावर माझ्यानंतर अजून त्याचंच नाव आहे. दावा लागला, समन्स गेलं, तो वकील घेऊन उभा राहिला. मला बायको नांदवायची आहे, असं त्यानं लिहून दिलं. वकीलबाई म्हणाल्या, हे असंच लिहितात, वेळ लागेल पण निकाल लागेल. त्यांना मी विचारलं, मधेच मला काही झालं तर? त्यांनी सरळ सांगितलं, कारण मी सरळ विचारलं होतं. "दावा तिथंच संपतो. तुम्ही त्यांच्या पत्नी म्हणूनच जाल."

तेव्हापासून तारखा पडताहेत. कधी जज्जसाहेब रजेवर, कधी त्याचा वकील दुसऱ्या कोर्टात. एका तारखेला मीच गेले नाही. रक्तदाब एवढा वाढला होता की डॉक्टरांनी उठू दिलं नाही. वकीलबाईंनी माझं प्रमाणपत्र कोर्टात लावलं आणि पुढची तारीख घेतली.

त्या पुढच्या तारखेला मी कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बसले होते. आमचा पुकारा व्हायचा होता. वकीलबाई आत, भाची झेरॉक्सला गेलेली. तो आला आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. तोच निळा शर्ट. माझे तळहात ओले झाले. आजूबाजूला पोलीस होते, वकील होते, माणसांची ही गर्दी होती. तो काही करू शकत नव्हता आणि मला ते माहीत होतं, तरी मी पर्स पोटाशी धरली.

"मागल्या तारखंला आली न्हाईस," तो म्हणाला. "मेडिकल लावलंतं म्हनं. माज्या वकिलाला कापी मिळाली."

मी पर्सची चेन ओढून बंद केली.

"बीपी एवडा वर जातो तुजा?" अगदी मायेनं विचारावं तसं त्यानं विचारलं. "जप बाई. या वयात काय सांगता येत न्हाई."

आतून कुणाचा तरी पुकारा झाला. आमचा नव्हता. त्यानं भिंतीला पाठ टेकली आणि पाय लांब केले.

"माजं काय न्हाई," तो म्हणाला. "पडू दे तारखा. मला घाई न्हाई."

तो कशाची वाट बघतोय हे मला तेव्हा कळलं. मला इतकी वर्षं वाटत होतं की तो येऊन मला मारेल. त्याला आता तेवढेही कष्ट घ्यायचे नव्हते.

त्या दिवशीही पुढची तारीख मिळाली. घरी आल्यावर लेक दाराशी आली नाही, मी शिकवल्याप्रमाणं आत बसून राहिली. मी किल्लीनं दार उघडलं, हातपाय धुतले आणि माझी गोळी घेतली. मग तिची तिला दिली. पूर्वी मी गोळ्या विसरायची, जिने धावत चढायची, सिग्नल पडायच्या आत रस्ता ओलांडायची. आता रोज सकाळी नदीच्या कडेनं चालते. मीठ कमी केलं, लोणचं बंद केलं. बायका म्हणतात, निवृत्तीनंतर चांगलीच तब्येत सांभाळतेस. मी हो म्हणते. मला त्याच्याहून जास्त जगायचं आहे.